नावे

दिवसभर सीफच्या एका कंपनीत
मी जिवंत माणसांचे हिशेब तपासते.
संध्याकाळी पूल ओलांडून मुहर्रकला येते
आणि मेलेल्यांचे.

सोनारगल्लीमागे, प्रवाळी दगडाच्या घरात
तीन चोपड्या निघाल्या, लाल फडक्यात बांधलेल्या.
(या फडक्यावर म्हणे मोती उठून दिसायचे.)
व्यापारी कच्छी, कारकून वेंगुर्ल्याचा,
म्हणून मोडी.
आधी पानभर आडव्या रेघा ओढायच्या,
मग हात न उचलता अक्षरं टांगत जायचं,
वलांडीवरच्या बोंबलांसारखी.

नौखुदाचं नाव आहे. आपला नाखवा तो हाच.
बुडी मारणाऱ्यांची नावं आहेत,
त्यांच्या बापांची, आज्यांची,
बाप मेल्यावर ज्याच्या डोक्यावर कर्ज चढलं
त्या नऊ वर्षांच्या पोराचं.
होड्यांना नावं आहेत.
पाणी वाहणाऱ्या गाढवालासुद्धा आहे: बुलबुल.

आणि मग, भाद्रपद वद्य सप्तमीला,
'बाई मजकूर ईस, बाळंतपण केले सबब
तांदूळ अर्धा मण, खजूर टोपली एक. किरकोळ.'

मजकूर म्हणजे वर सांगितलेली.
मी वरची चौदा पानं चाळली.
वर कुठेही सांगितलेली नव्हती.

तांदूळ नावे पडले, किरकोळ खात्याच्या.
तिच्या नावे काही नाही.
नावच नाही.

मग उम्म राशिदकडे गेले.
नव्वदी ओलांडलेली, डोळ्यांत मोतीबिंदू
(समुद्रात काय कमी होते, म्हणते, की इथेही पिकले!)
ऑगस्टची दमट हवा, काळ्या लिंबाचा चहा.
'मला ओढून काढणारे हात हिंदी होते.
हळदीचा वास यायचा त्यांना, आई सांगायची.
नाव? दाई म्हणायचे. दाईला नाव कशाला विचारतात?'

मी विचारलं, आणि तुमच्या आईचं?
ती गप्प झाली.
मग मशीनकडे बोट केलं, बंद कर.
माझ्या कानाशी वाकून एकदाच म्हणाली,
आणि लगेच दाराकडे पाहिलं,
जणू बाप अजून बाहेरच्या बाकावर बसलाय.

ते नाव मी इथे लिहीत नाही.
अकरा वर्षं नावं शोधत फिरणारी मी
एक नाव खिशात घेऊन पूल ओलांडते
आणि ते मला खर्चता येत नाही.

निघताना तिने सहज विचारलं,
'तुझ्या घरी काम कोण करतं?'

त्या रात्री माझी वही उघडली.
गॅस, पाणी, चार दिनार दोनशे फिल्स भाजी.
आणि दर महिन्याच्या पाच तारखेला, माझ्याच सुबक अक्षरात:
'बाई. पंचवीस.'

शुक्रवारी तिला बसवलं. ती बसेना.
शेवटी खुर्चीच्या कडेवर टेकली, पोछा हातातच.
तुझं पूर्ण नाव सांग, लिहायचंय.
ती घाबरली. नावं लिहून घेतात ती हाकलताना.
नाही गं, म्हटलं, माझ्या वहीत.

पासपोर्टवर जयलक्ष्मी आहे, म्हणाली,
कडप्याच्या एजंटाने लावलेलं, वय पण त्याचंच.
आईने ठेवलेलं ओबुलम्मा.
आधीच्या मॅडमला जमेना, तिने मेरी केलं.
'तुम्हाला कुठलं पाहिजे?'

मी पेन धरून बसले.
मोडीत असते तर हात उचलला नसता.
तुला कुठलं पाहिजे, विचारलं
तर तिने जरा वेळ विचार केला,
खिडकीबाहेर पाहिलं, उन्हात पांढरा पडलेला समुद्र,
आणि म्हणाली,

'जिचे दोन महिन्यांचे थकलेत ना, मॅडम,
तिचं लिहा.'

लिहिलं. देणे बाजूला.
पन्नास दिनार मोजून दिल्यावर
तिने वही माझ्याकडून ओढून घेतली
आणि माझ्या अक्षरांखाली
तिच्या लिपीत, गोल गोल, सावकाश,
जीभ किंचित बाहेर काढून, काहीतरी लिहिलं.

मला तेलुगू वाचता येत नाही.